ढिगातली रेती

नागपूरहून सावनेरकडे किंवा कन्हानकडे गेलात, तर काही ठिकाणी मातीचे डोंगर दिसतील. हे डोंगर माणसाने केले आहेत. तिथे कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा असतो खोल. तो काढायचा तर आधी वरची माती आणि खडक खणून बाजूला टाकावा लागतो. एक टन कोळशापायी कित्येक टन माती निघते. खाणीतले लोक तिला ‘ओबी’ म्हणतात.

या ढिगांनी जमीन अडते. पावसात माती वाहते, नाल्यात बसते, शेतात शिरते. ज्याचे शेत ढिगाच्या पायथ्याशी आहे, त्याला हे आम्ही सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट पाहा. घर बांधायला रेती लागते. ती आपण नदीतून आणतो. पण नदीतली रेती पाणी धरून ठेवते, बरं का. तेच पाणी झिरपून काठच्या विहिरींना मिळते. रेती फार उपसली की विहिरी लवकर आटतात.

नागपूरच्या बाजूला या दोन्ही गोष्टींची गाठ घातली गेली. तिथे कोळशाच्या वर रेतीच्या दगडाचे जाड थर आहेत. हा दगड फोडायचा, चाळायचा आणि पाण्याने धुवायचा. चिकण माती निघून जाते, रेती मागे राहते. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीने आधी भानेगावच्या खाणीत हे करून पाहिले. आपल्याच यंत्रांत फेरफार करून दिवसाला 300 घनमीटर रेती काढली. ती नागपूर सुधार प्रन्यासने गरिबांच्या घरांसाठी घेतली. घेणारा मिळाला, म्हणून पुढचे पाऊल पडले.

मग गोंडेगावला मोठा कारखाना उभा राहिला. तो दिवसाला 2500 घनमीटर रेती काढण्याचा. आपल्या हिशेबाने सुमारे 880 ब्रास! 2021 साली खर्च घनमीटरला 160 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे ब्रासला साडेचारशे. बाजारभावाचा हा दहावा हिस्सा.

ही रेती महामार्गवाल्यांनी घेतली, वीज कंपनीने घेतली, मँगनीजच्या खाणीवाल्यांनीही घेतली. मँगनीज काढल्यावर जमिनीखाली पोकळी राहते. ती रेतीने भरतात, नाहीतर वरची जमीन खचेल. एका खाणीचा कचरा दुसऱ्या खाणीला आधार झाला म्हणायचा.

प्रत्येक ढिगातून रेती निघते असे मात्र नाही. काळ्या मातीत ती कुठली मिळणार?

या सरकारी खात्यांना रेती बाजाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या भावाने मिळाली. उरलेली लिलावात गेली. हे आम्हाला थोडे खटकते. ज्याला दोन-चार ब्रासच हवी, त्याने लिलावात जाऊन काय करावे? खाणीजवळच्या ग्रामपंचायतींनी आपल्या घरकुलांची यादी करावी. किती ब्रास लागेल ते लिहावे आणि खाणीच्या कार्यालयात अर्ज द्यावा. अर्जाची एक नक्कल पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी.