जड जीभ आणि थोरला भाऊ

हिब्रू धर्मग्रंथात भावाभावांचं क्वचितच पटतं. काइन हाबेलचा जीव घेतो, याकोब एसावचा आशीर्वाद लाटतो, योसेफला भाऊच विकतात. म्हणूनच ‘निर्गम’च्या चौथ्या अध्यायातली मोशे आणि अहरोन यांची भेट मला विलक्षण वाटते. इस्राएली लोकांना गुलामीतून सोड, असं मिसरच्या राजाला, फारोला सांगायला देव मोशेला पाठवतो, तेव्हा आपली जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव, असं मोशे विनवतो. देव रागावतो, पण जीभ मोकळी करून देण्याऐवजी थोरला भाऊ सोबतीला देतो. इथे दैवी मार्गदर्शन माणसाची उणीव पुसत नाही, ती भरून काढणारा माणूस जोडून देतं. फारोपुढे उभं राहताना मोशे ८० वर्षांचा, अहरोन ८३ वर्षांचा. तरी थोरला धाकट्याचा शब्द बोलतो. थोरलेपणावरून इतकी भांडणं झालेल्या घराण्यात ही गोष्ट लहान नाही.

पण पुढे अहरोननेच लोकांना पूजायला सोन्याचं वासरू घडवलं, मग ही भागीदारी फसलीच ना? वासरू घडलं ते मोशे सीनाय पर्वतावर, भावापासून दूर असताना. जोडीतला एकजण एकटा पडला की काय होतं, तेच तिथे दिसतं. आणि मोशेने त्याला टाकलं नाही. ‘अनुवाद’ हे त्याच धर्मग्रंथातलं पुस्तक सांगतं, की त्याने अहरोनसाठीही प्रार्थना केली. शेवटी होर डोंगरावर अहरोनची याजकाची वस्त्रं उतरवून त्याच्या मुलाच्या, एलाजारच्या अंगावर चढवणारे हात मोशेचेच होते.