जुन्या मोटारींत नवें इंजिन

लॉस एंजेलिस शहरावर १९४३ सालच्या जुलै महिन्यांत एके दिवशीं असा दाट धूर पसरला कीं, लोकांचे डोळे चुरचुरूं लागले आणि शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका नागरिकांच्या मनांत आली. ते दिवस महायुद्धाचे होते. तेव्हां या शंकेस अगदींच वेडगळ म्हणतां येत नाहीं. पुढें १९५० नंतरच्या वर्षांत आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, मोटारींच्या आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुरकें तयार होतें. शत्रु म्हणून ज्याचा शोध चालला होता तो प्रत्येकाच्या दाराशींच उभा होता. कॅलिफोर्निया प्रांतांतील मोटारींचे कायदे इतके कडक कां, याचें मूळ येथें सांपडतें. १९८४ सालापासून तेथें ठराविक मुदतीनें धुराची तपासणी होते, आणि तींत उतरल्याचा दाखला नसेल तर मोटारीची नोंदणी पुढें चालूं राहत नाहीं. १९७५ सालच्या व त्यापूर्वीच्या मोटारींस यांतून सूट आहे.

याच प्रांतांत जुन्या मोटारी जपणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. झिजलेलें इंजिन काढून त्या जागीं अलीकडचें बसविणें, ही त्यांची आवडती खटपट. उदाहरणादाखल १९७९ सालची शेव्हरलेट कमॅरो घेऊं. तींत २००० सालच्या कमॅरोचें ५.७ लिटरचें, आठ सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें आहे. कायदा या हौशीच्या आड येत नाहीं. त्याच्या अटी मात्र पक्क्या आहेत. इंजिन मोटारीच्याच सालाचें किंवा त्यानंतरचें हवें, तें त्याच वर्गाच्या वाहनांतलें हवें, आणि धूर शुद्ध राखण्यासाठीं मूळ मोटारींत त्याच्या जोडीला जें जें होतें, तें तें सर्व नव्या मोटारींत आलें पाहिजे. सासरीं येणाऱ्या मुलीनें माहेरचीं सगळीं गाठोडीं बरोबर आणावीं, तसाच हा प्रकार!

इंजिन जागेवर बसविणें हें लोखंडाचें काम. हात मुरलेल्या कारागिरास तें जड जात नाहीं. खरी परीक्षा तारांची असते. १९७९ च्या मोटारींत दिवे, भोंगा, स्टार्टर, ठिणगी अशा साध्या कामांपुरत्याच तारा होत्या. २००० सालच्या इंजिनावर मात्र एका संगणकाचें राज्य चालतें, आणि त्याच्या दोन जोडण्यांत प्रत्येकीं ८० खांचा असतात. सर्वच खांचा भरलेल्या नसतात, हें कारागिराचें सुदैव.

या संगणकास दोन ठिकाणांहून वीज लागते : एक बॅटरीची अखंड, दुसरी किल्ली फिरविल्यावर मिळणारी. जुन्या किल्लीच्या कांहीं तारांतील वीज इंजिन फिरवितांना, म्हणजे स्टार्टर चालू असेतों, तुटते. अशा तारेवर संगणक जोडला तर ऐन गरजेच्या क्षणीं तो झोपीं जातो. इंजिन नुसतें फिरत राहतें, पेट घेत नाहीं, आणि मालक बिचारा पेट्रोलच्या पंपास दोष देत बसतो. दुसरा घोळ परतीच्या तारेचा, म्हणजे अर्थिंगचा. जुन्या सांगाड्याच्या गंजक्या पत्र्यावर ही तार कशीबशी पिळून चालत नाहीं. धुरांतील ऑक्सिजन मोजणारे चार सेन्सर या इंजिनास असतात, आणि त्यांचा सारा कारभार सुमारें ०.१ ते ०.९ व्होल्ट एवढ्याशा कक्षेंत चालतो. तेथें गंजापायीं एक दशांश व्होल्टाची चूक झाली, तरी पेट्रोलचें प्रमाण बिघडूं शकतें.

या चारांपैकीं दोन सेन्सर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे असतात आणि दोन पलीकडे. अलीकडच्याचा आंकडा सारखा हेलकावतो. पलीकडच्याचा स्थिर राहिला, तर कन्व्हर्टर आपलें काम करीत आहे, असें संगणक समजतो.

सर्वांत अधिक लोक फसतात ते मोटारीच्या मागच्या टोकाला, पेट्रोलच्या टाकीपाशीं. टाकींतील वाफ हवेंत जाऊं नये म्हणून ती कोळशाच्या डब्यांत धरून ठेवतात आणि नंतर इंजिनांत ओढून जाळतात. ही योजना गळकी नाहीं ना, हें संगणक स्वतः तपासतो : बाहेरच्या हवेची झडप बंद करून टाकींत किंचित् निर्वात निर्माण करतो आणि तो टिकतो कीं नाहीं, तें दाबाच्या सेन्सरवरून पाहतो. मात्र ही तपासणी टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतांनाच होते. आतां गंमत अशी कीं, जुन्या टाकींतील मापकाचा विद्युत्-रोध रिकामी असतांना ० आणि भरलेली असतांना ९० ओहम असतो. नव्या संगणकास मात्र ४० पासून २५० ओहमची संवय. अर्धी टाकी, म्हणजे ४५ ओहम, त्याला जवळजवळ रिकामी वाटते. कांठोकांठ भरली तरी तो ती पाव भागच धरतो. मग तपासणी पुरी व्हावी कशी? याला उपाय एकच : मापक, दाबाचा सेन्सर, झडप आणि कोळशाचा डबा, सारें नव्या मोटारीचें घ्यावें आणि त्यांच्या तारा पुढून मागपर्यंत नेटक्या ओढाव्या. पुष्कळांना हें काम कंटाळवाणें वाटतें, आणि तें तसें आहेही.

म्हणूनच कांहीं जण आडवाट धरतात. सेन्सरच्या जागीं खोटा आंकडा देणारी युक्ति बसवितात, किंवा संगणकांतील तपासण्याच बंद करून टाकतात. इंजिन त्यानें उत्तम चालतें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु उत्तरपत्रिकेंतील प्रश्नच खोडून टाकणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मागण्याचा अधिकार काय? कोणत्या तपासण्या पुऱ्या झाल्या आणि कोणत्या बंद आहेत, हें परीक्षकास त्याच्या यंत्रावर स्वच्छ दिसतें. हजारों डॉलर खर्चून सजविलेली मोटार मग नोंदणीवांचून अंगणांत उभी राहते.

परीक्षकाचें यंत्र जोडण्यासाठीं चालकासमोरच्या फळीखालीं १६ खांचांची जोडणी द्यावी लागते. तिच्या सोळाव्या खांचेंत बॅटरीची वीज, चौथ्या व पांचव्या खांचेंत अर्थ, आणि या इंजिनाच्या बाबतींत दुसऱ्या खांचेंत संगणकाचें बोलणें. इंजिनाचा दोष दाखविणारा दिवाही बसवावा लागतो, कारण १९७९ च्या फळीवर तो नाहीं. किल्ली फिरवितांच तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

तपासणीच्या आदल्या दिवशीं बॅटरी काढण्याची चूक मात्र कोणीं करूं नये. पुऱ्या झालेल्या तपासण्यांची नोंद त्यामुळें पुसली जाते, आणि ती पुन्हां भरावयास कांहीं दिवस मोटार चालवावी लागते : थंड इंजिन सुरू करून, गांवांत थांबत थांबत, आणि मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानें. त्यानंतर मोटार सरकारनें नेमलेल्या पंचाकडे न्यावयाची. अशीं बरींचशीं पंचकेंद्रें तेथील सार्वजनिक महाविद्यालयांत आहेत. पंच टाकीपासून कन्व्हर्टरपर्यंत सर्व भाग मूळ मोटारीच्या यादीशीं ताडून पाहतो आणि समाधान झाल्यास दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवितो. तींत आलेल्या इंजिनाची ओळख असते. पुढच्या खेपेपासून कोणत्याही साध्या तपासणी-केंद्रांतला माणूस दार उघडून ती वाचतो आणि १९७९ च्या त्या मोटारीस २००० सालच्या इंजिनाच्या हिशेबानें तपासतो.