निधीसाठीचा फराळ: समज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या सुट्टीआधी महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी घरी केलेला फराळ विकून एखाद्या उपक्रमासाठी किंवा गरजू सहाध्यायांच्या शुल्कासाठी निधी उभा करतात. पदार्थ घरचा, हेतू चांगला आणि गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे असल्यामुळे या व्यवहाराला बाजाराचे नियम लागू होत नाहीत, असे सहज गृहीत धरले जाते. या विक्रीविषयीचे बहुतेक गैरसमज याच गृहीतकातून निघतात.

नफा कमवायचा नसेल तर नोंदणी लागत नाही, हा त्यांतील सर्वांत रुजलेला समज होय. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 मध्ये 'अन्न व्यवसाय' या संज्ञेची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सार्वजनिक, दोन्ही प्रकार त्यात धरले आहेत, आणि 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांत लहान अन्न व्यावसायिकांच्या वर्गात फेरीवाल्यांच्या जोडीने तात्पुरत्या स्टॉलधारकांचाही स्पष्ट उल्लेख आहे. याउलट, कायदा लागू झाला की मोठे लचांड मागे लागते, ही भीतीही तितकीच निराधार आहे. परवाना आणि नोंदणी या दोन निराळ्या गोष्टी असून, त्या विनियमांनी वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी केवळ नोंदणी पुरेशी मानली आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवले. अडचण येते ती बहुधा वसुबारसेच्या आदल्या दिवशी अर्ज करणाऱ्यांना.

'घरचे म्हणजे टिकाऊ रसायनांविना, म्हणून निर्धोक' हा समज अधिक खोलात तपासावा लागतो, कारण त्यात दोन वेगळ्या प्रक्रियांची गल्लत आहे. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती, हे महत्त्वाचे असते. या मोजमापाला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1 धरली, तर बहुतेक जिवाणूंची वाढ 0.9 च्या खाली थांबते आणि 0.6 च्या खाली बुरशीही वाढत नाही. साखर पाणी बांधून ठेवते, म्हणजे पाक हाच एक परिरक्षक ठरतो, आणि खरपूस भाजलेल्या बेसनाच्या लाडवात मोकळे पाणी फारसे उरतच नाही. ओल्या नारळाच्या करंजीचे मात्र तसे नाही: तिचे सारण दमट राहते, त्यामुळे सुके खोबरे आणि भाजलेली खसखस घातलेल्या करंजीइतकी ती टिकत नाही, मग ती कितीही निगुतीने केलेली असो. विक्रीसाठी आधीपासून करून ठेवायची असेल, तर सुक्या सारणाचीच करंजी निवडणे शहाणपणाचे.

चकली, शेव आणि चिवडा यांचा शत्रू वेगळा. या पदार्थांत पाणी नगण्य असते, पण तेल भरपूर असते. हवेतील प्राणवायूशी त्या तेलाचा संयोग होऊन खवटपणा येतो आणि उष्णता व प्रकाश यांनी ही क्रिया वेगावते. म्हणून काचेच्या बरणीत घालून उन्हाच्या टेबलावर मांडलेली चकली दिसते छान, पण लवकर खवट होते. जुन्या तळणात ताजे तेल ओतले की ते नवे होते, हा समजही चुकीचा आहे, कारण तळताना तयार झालेले ध्रुवीय घटक तेलात साचतच जातात आणि त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरण्यास 1 जुलै 2018 पासून मनाई आहे. सगळे जिन्नस एकाच डब्यात भरण्याची हौसही महागात पडते, कारण ओल्या नारळाच्या लाडवातील ओलावा शेजारच्या चिवड्याकडे सरकतो आणि चिवडा सादळतो.

वर्तमानपत्राचा कागद वेष्टनासाठी चालत नाही. शाईतील घटक तेलकट पदार्थात उतरत असल्याने 2018 च्या वेष्टन विनियमांनी त्यावर बंदी घातली आहे. ओळखीच्या लोकांना लेबल कशाला, हा प्रश्न तर विशेष धोक्याचा आहे, कारण चिवड्यातले शेंगदाणे डोळ्यांना दिसतात, पण लाडवातली काजूची पूड दिसत नाही, आणि शेंगदाणा, सुका मेवा, दूध किंवा गहू यांची अॅलर्जी असणाऱ्याला ओळखीपेक्षा घटकांची यादीच उपयोगी पडते. त्या यादीसोबत तयार केल्याची तारीख, निव्वळ वजन आणि हिरवे शाकाहारी चिन्ह असावे.

किंमत ठरवताना साहित्याच्या खर्चावर थोडी रक्कम चढवली की निधी उरतो, असे मानले जाते. गॅस, डबे, तुटलेल्या चकल्या आणि चाखायला दिलेले नमुने त्या हिशेबात बसत नाहीत, आणि श्रमाचे मोल शून्य धरल्याने आईने रात्रभर केलेले काम हीच खरी देणगी असते, जिची नोंद कोठेच होत नाही.

शेवटचा समज पावतीचा. फराळासाठी मोजलेली रक्कम ही देणगी असल्याने प्राप्तिकराच्या 80जी सवलतीस ती पात्र आहे, असे काही ग्राहकांना वाटते. वस्तूच्या मोबदल्यात दिलेले पैसे म्हणजे किंमत. ती सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या, मोबदला नसलेल्या देणगीसाठी आहे, आणि तीही 2,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास मिळत नाही. डब्याच्या किमतीवर कोणी स्वखुशीने जास्त रक्कम दिली, तर तिची पावती संस्थेच्या नावाने वेगळी करावी आणि विक्रीच्या वहीत ती धरू नये.