लिफ्टखाली तेल दिसलं, आता काय?

मागच्या भागात आपण घरच्या गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट बसवायची तर फरशी कशी तयार करायची ते पाहिलं. आजचा विषय त्यापुढचा. लिफ्ट बसली, दोन-तीन वर्षं छान चालली आणि एके दिवशी खांबाशी तेलाचा डाग दिसला. आता काय करायचं?

आधी माझीच चूक सांगतो. मी लखनौला महानगरमध्ये राहतो. जुना बंगला, मागे गॅरेज, त्यात लिफ्ट. जानेवारीतली सकाळ होती, चांगलीच थंडी होती. गाडी वर होती आणि उजव्या खांबापाशी तेल दिसलं. मी सरळ होजवरून हात फिरवून गळती शोधायला लागलो. मदतीला आलेल्या मिस्त्रींनी माझं मनगट धरून हात मागे ओढला. म्हणाले, "हाथ नहीं साहब, पहले प्रेशर उतारिए." आजचा सगळा भाग या एका वाक्याचा आहे.

त्यामागचं गणित बघा. गाडी दीड टनाची. लिफ्टला दोन सिलिंडर. पण बऱ्याच लिफ्टमध्ये सिलिंडर जितका वर जातो त्याच्या दुप्पट गाडी चढते, कारण मध्ये चेन असते. उंची दुप्पट मिळते म्हणून भारही दुप्पट पडतो. म्हणजे एकेका सिलिंडरवर दीड टन. त्याच्या दांड्याचा, म्हणजे रॅमचा, व्यास ४ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर. भागाकार करा: दर चौरस सेंटिमीटरला १२० किलो. गाडीच्या टायरमध्ये असतो सव्वादोनच्या आसपास. म्हणजे त्या होजमध्ये टायरच्या पन्नासपट दाब आहे. होजला सुईएवढं छिद्र पडलं तर त्यातून निघणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही. पण आत गेलेलं तेल मांस सडवतं. बोट किंवा हात कापण्याची वेळ येऊ शकते. असं काही झालं तर मलम लावून घरी बसू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द स्पष्ट सांगा.

म्हणून पहिलं काम: दाब शून्य करणं. गाडी खाली उतरवा, लिफ्टवरून बाहेर काढा. रिकामी लिफ्ट पूर्ण खाली आणा. मोटारचा एमसीबी बंद करा. मग उतरवायचा दांडा काही क्षण दाबून धरा, म्हणजे नळीत अडकलेला दाबही टाकीत जातो. गाडी वर अडकलीच असेल तर दोन्ही बाजूंची लॉकं नीट बसली आहेत हे डोळ्यांनी पाहा. भार लोखंडी लॉकवर हवा, तेलावर नाही. तिथून पुढे स्वतः काही उघडू नका, माणूस बोलवा. आमच्याकडे वीज जाते, तुमच्याकडेही जात असेल. लॉकवर बसलेली गाडी उतरवायला ती आधी थोडी वर उचलावी लागते आणि त्याला वीज लागते. तेव्हा घाई न करता वाट पाहा. लॉकवर असलेली गाडी रात्रभर तशीच राहू शकते.

दुसरं काम: उगम शोधणं. तेल खाली वाहतं, त्यामुळे डाग जिथे आहे तिथे गळती असेलच असं नाही. सगळं चिंध्यांनी स्वच्छ पुसा, कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा. हात लावायचा नाही, लांबून टॉर्चने बघायचं. पावडर सर्वांत वर जिथे भिजली, तो उगम.

बहुतेक वेळा तो तीनपैकी एका ठिकाणी सापडतो. पहिलं, होजचा सांधा. दाब उतरवून दोन पाने घ्या, एकाने फिटिंग धरा, दुसऱ्याने नट आवळा. तरी गळलं तर ताकद लावू नका, उघडून ओ-रिंग किंवा डॉवटी वॉशर बदला. अशा सांध्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा तुकडा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

दुसरं, होज स्वतः. फुगली, चिरली, आतली तार दिसली तर ती बदलायचीच. टेप, क्लॅम्प, एम-सील काही चालत नाही. जुनी होज नमुना म्हणून न्या आणि तेवढ्याच दाबाची, त्याच आट्यांची करून घ्या. लखनौत मी लाटूश रोडला जातो. तुमच्या गावात ट्रॅक्टर आणि जेसीबी असतील तर होज करून देणारं दुकान जवळपास सापडेलच.

तिसरं, सिलिंडरचं सील. डंपिंग ट्रॉलीचा जॅक पाहिलाय ना? तत्त्व तेच. तेल वर ढकलतं, वजन खाली आणतं. सील बदलण्याआधी रॅमवरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा आहे, नवं सीलही टिकणार नाही. जुनं सील काढताना त्याची ओठाची बाजू कुणीकडे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तो ओठ तेलाच्या दाबाकडेच हवा. उलटा बसला तर पहिल्याच फेरीत गळेल.

आता वेगळा प्रकार. जमीन कोरडी आहे, पण गाडी हळूहळू खाली बसते. ही आतली गळती. खांबावर खडूने खूण करा, अर्ध्या तासाने पाहा. खूण सरकली असेल तर संशय चेक व्हॉल्व्ह किंवा उतरवायच्या व्हॉल्व्हवर. बहुतेकदा तिथे कचरा अडकलेला असतो. लिफ्ट रिकामी आणि पूर्ण खाली असताना उतरवायचा दांडा दाबून काही सेकंद मोटार चालवली की तेल टाकीकडे वाहतं, कधीकधी कचराही निघून जातो. नाही गेला तर व्हॉल्व्ह उघडून साफ करायचा किंवा बदलायचा.

शेवटी तेल. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला, बहुतेक वेळा ३२ किंवा ४६ क्रमांकाचं हायड्रॉलिक तेल. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने ही रबरी सीलं फुगतात. तेल नेहमी लिफ्ट पूर्ण खाली असताना भरा. वर असताना टाकी भरली तर खाली आणताना सगळं उतू जाईल. मग रिकामी लिफ्ट चार-सहा वेळा वर-खाली करून हवा काढा आणि पुस्तिकेत हवेच्या स्क्रूबद्दल लिहिलं असेल तर तेही करा. नंतर गाडी चढवा, फूटभर उचला आणि अर्धा तास थांबा. कोरडं राहिलं तरच पूर्ण वर न्या.

आमच्या उजव्या खांबाचा दोष शेवटी एका ओ-रिंगमध्ये निघाला. थंडीने ती कडक झाली होती. काही रुपयांची वस्तू, आणि तिच्यापायी मी हात गमावून बसलो असतो.

एक मात्र कायमचं लक्षात ठेवा. गळती असो वा नसो, लॉकचा खट्ट आवाज दोन्ही खांबांतून ऐकू आल्याशिवाय आणि गाडीचा भार लॉकवर उतरवल्याशिवाय खाली जायचं नाही. तेल उचलण्यासाठी आहे, धरून ठेवायला लॉक आहे.

पुढच्या भागात लिफ्टच्या तारा आणि चेन कशा तपासायच्या ते पाहू. तोवर सांभाळून काम करा.