वाहनाची चासी आणि तिचा गंज

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप, मालाचा टेंपो, पाण्याचा टँकर, उसाचा ट्रक अशीं नाना प्रकारचीं वाहनें दिसतात. त्यांचे रंग आणि काचा सर्वांच्या नजरेंत भरतात. परंतु ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर हा सारा पसारा उभा असतो, त्या चासीकडे वांकून पाहणारा क्वचितच आढळतो. चासी म्हणजे वाहनाचा कणा होय. इंजिन, माल आणि माणसें यांचा भार तीच वाहते. आजच्या पुष्कळशा लहान मोटारींना अशी वेगळी चासी नसते. त्यांचा तळाचा सांधलेला पत्राच तिचें काम करतो. परंतु गंजाचा धर्म दोहोंकडे एकच आहे. कणा आंतून झिजत असतां वरून रंग मारून तो झांकणें ही आत्मवंचना होय, आणि तिची किंमत एखादे दिवशीं आंत बसलेल्या माणसांना द्यावी लागते.

मराठवाड्यापासून समुद्र शेंकडो किलोमीटर दूर. तेव्हां येथें गंज कसला, असें पुष्कळांस वाटतें. लोखंड गंजण्यास प्राणवायु आणि पाणी या दोन्ही गोष्टी लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारें ६० टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे लोखंडाच्या पृष्ठावर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. चैत्र-वैशाखांत येथील हवा याहून पुष्कळच कोरडी असते. पण मृगाचा पाऊस पडला कीं चित्र पालटतें. या भागांतील काळी रेगड जमीन पाणी धरून ठेवण्यांत मोठी चिवट. तिचा चिखल चाकांनीं उडून चासीच्या कोपऱ्यांत बसला, म्हणजे वरून वाळलेला दिसला तरी आंतून दिवसेंदिवस ओला राहतो. जो गुण ज्वारी-कापसाला वरदान, तोच वाहनाला शाप ठरतो.

टँकरची गोष्ट आणखी निराळी. २०१६ सालच्या दुष्काळांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी पोंचली, तेव्हां तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. अशा उन्हाळ्यांत वाड्या-वस्त्यांची तहान टँकरच्या चाकांवर अवलंबून असते. आणि रणरणत्या उन्हांतहि ज्याचें लोखंड ओलें राहतें असें वाहन तेंच. टाकींतून झिरपणारें आणि भरतांना सांडणारें पाणी थेट चासीवर पडतें.

गंजाचें आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक असतें. म्हणून रंगाखालीं गंज धरला, कीं तो रंगाला फुगवून फोडतो. शिवाय तो सच्छिद्र असल्यानें ओलावा शोषून ठेवतो. तांब्यावरील हिरवट थर जसा खालच्या धातूला आवरण होतो, तसें येथें घडत नाहीं. गंज हाच पुढील गंजाचा पोशिंदा होय. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: गंजावर उपाय म्हणजे रंग नव्हे. उपाय म्हणजे गंज काढणें आणि लोखंड कोरडें करणें. रंग केवळ तें कोरडेपण राखतो.

तेव्हां प्रथम परीक्षा करावी. लहान हातोडीनें चासी ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला आणि तांबूस भुकटीच हातास लागली, तर गंज वरवरचा आहे. आवाज बद्द आला, जाड पापुद्रे सुटले किंवा टोकदार सळई आंत शिरली, तर तें काम रंगाऱ्याचें नव्हे, जाणत्या वेल्डरचें होय. तेथें रंगाचा हात फिरविणें म्हणजे वाळवीनें पोखरलेल्या तुळईला चुना फांसणें.

गंज वरवरचा असेल, तर संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ या कामास उत्तम. पावसाळ्यांत हवा ओली असते, आणि वैशाखांतल्या दुपारीं लोखंड इतकें तापतें कीं रंगाची वरची साय आधींच वाळून खालीं फोड येतात. वाहन सपाट जागीं भक्कम ठोकळ्यांवर घ्यावें. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखालीं कधींहि शिरूं नये. कोपऱ्यांतील चिखल पाण्याच्या जोरदार धारेनें काढावा, पाणी निथळण्याचीं भोकें मोकळीं करावीं आणि एक-दोन दिवस उन्हांत वाळूं द्यावें. तेलाचा व ग्रीसचा ओशटपणा थिनरच्या फडक्यानें पुसावा, कारण ओशट जागीं रंग धरत नाहीं. मग तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनीं चकचकीत धातु दिसेपर्यंत घासावें. सुटूं पाहणारा जुना रंगहि खरवडून टाकावा. या वेळीं डोळ्यांना चष्मा आणि नाकाला पट्टी हवीच. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणग्या उडविणारें ग्रायंडर चालवूं नये, आणि ब्रेकच्या नळ्यांना धक्का लागूं देऊं नये.

घासूनहि बारीक खांचांत थोडा गंज उरतोच. त्यासाठीं गंज बदलणारीं द्रावणें मिळतात. कांहींत फॉस्फरिक आम्ल असतें. तें गंजाचें रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्यें करतें. कांहींत टॅनिन असतें, आणि त्याची करामत घराघरांत परिचित आहे. आवळा लोखंडी विळीवर चिरला कीं काळा पडतो; हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वीं करीत असत. तुरट द्रव्याचा लोहाशीं संयोग होऊन काळें, टिकाऊ संयुग बनतें, तेंच येथें घडतें. मात्र हें औषध शेष गंजावरचें आहे. जाड थरावर तें ओतून उपयोग नाहीं.

द्रावण वाळल्यावर उशीर न करितां अस्तर द्यावें. प्रचारांत असलेल्या रेड ऑक्साईडचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साईडचाच, म्हणजे तो गंजाचाच भाऊबंद. परंतु त्याची क्रिया पूर्ण झालेली असल्यानें तो आणखी बदलत नाहीं. जस्ताचें अस्तर याहून वरचढ. रंगाला ओरखडा पडला, तर जस्त आपण आधीं झिजतें आणि लोखंडाला वांचवितें. मात्र तें उघड्या धातूला चिकटलेलें असलें पाहिजे. पूर्वीं पुलांच्या लोखंडाला शेंदूर लावीत असत. पण शेंदूर म्हणजे शिशाचें ऑक्साईड, आणि शिसें विषारी असल्यानें तो मार्ग आतां टाळणेंच योग्य. अस्तरावर रंगाचे दोन पातळ हात द्यावे. एका जाड हातापेक्षां ते अधिक टिकतात. पहिला पुरता वाळल्यावांचून दुसरा देऊं नये. सायलेन्सर, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि निथळण्याचीं भोकें रंगापासून दूर ठेवावीं. चासीवर कोरलेला क्रमांक घासूं नये, कीं रंगानें बुजवूं नये. वाहनाची कायदेशीर ओळख तोच आहे.

गंज न काढतां वरून डांबरी लेप देऊन घेण्याची रीतहि आढळते. वाहन तेवढ्यापुरतें नवें दिसतें खरें. पण लेपाखालीं कोंडलेला ओलावा आपलें काम करीतच राहतो, आणि आतां तें कोणास दिसतहि नाहीं. जुनें वाहन विकत घेतांना तळाचा ताजा काळा रंग पाहून समाधान मानूं नये. उलट तेथेंच हातोडी चालवून पाहावी.

पावसाळा सरतां सरतां खंडेनवमी येते. त्या दिवशीं वाहन धुऊन त्याला झेंडूचा हार घालण्याची चाल घरोघर आहे. पाण्याची तीच बादली थोडी खालीं वळवून चासीवरचा चार महिन्यांचा चिखल उतरविला, तर पूजाहि पुरी होईल आणि प्रवासहि निर्धास्त होईल.