मोटार चालू करायला रात्री कोण जाणार?

जुन्नर-आंबेगावात शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येत आली आहे, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटार चालू करायला अंधारात विहिरीवर जायचे, आणि शेजारच्या उसात बिबट्या! इथल्या इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत लांब जायला नको. मोबाइलवर चालणारा स्टार्टर समोरच आहे.

कॉलेजच्या टेबलावर तो चालतोही, कारण तिथे मोटार एकच असते. शिवारात एका डीपीवर 20 असतात. 5 एचपीची मोटार साधारण 7 अँपिअरवर चालते. थेट लाइनवर सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. वीज येताच सगळ्या ऑटोवर एकदम उठल्या तर फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो आणि सगळ्यांचेच पाणी थांबते. म्हणून प्रत्येक स्टार्टरला वेगळा टाइम-डिले हवा. दुरुस्तीला हात घातलेला असताना मोटार आपोआप सुरू होऊ नये, यासाठी कुलूप लावता येणारा मेन स्विचही हवा. खर्च कमी करताना पहिल्यांदा कापावासा वाटतो तो हाच.

एवढे जमले तरी, ठिबक नसलेल्या उसात दारे धरायला माणूस जातोच.