आधी सोंड शोधा

तांदूळ निवडताना सापडलेला काळपट किडा पांढऱ्या कागदावर ठेवा. धक्का लागताच तो पाय आखडून मेल्याचं सोंग घेईल. थोडा वेळ थांबा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिलात, तर डोक्यापुढे बारीक सोंड दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोपरात वाकलेल्या मिशा. पाठीवर चार तांबूस ठिपके असले, तर हा सोंडकिडा, सायटोफिलस ओरायझी. लांबी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर. मक्यातला त्याचा भाऊबंद इतका सारखा दिसतो, की तज्ज्ञांनाही जननेंद्रियं तपासावी लागतात. घरी त्याची गरज नाही, दोघांचा उपद्रव एकच.

सोंड म्हणजे नाक नव्हे, लांबलेलं तोंड. जबडे तिच्या टोकाला असतात. मादी त्यांनी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक लिंपून टाकते. वरून दाणा धड दिसतो. आत बिनपायाची पांढरी अळी तो पोखरत वाढते, तिथेच कोषात जाते आणि उबदार हवेत महिन्याभरात किडा होऊन बाहेर पडते. म्हणून तांदूळ चाळला की काम झालं, असं मुळीच समजू नये. पुढची पिढी चाळणीवर राहिलेल्या दाण्यांतच असते.

या किड्याच्या शरीरात सोडालिस नावाचे जीवाणू वस्तीला असतात. नुसत्या दाण्यातून पुरेसं न मिळणारं पोषण ते तयार करून देतात आणि त्यातूनच किड्याचं कवच कडक, काळं होतं. कवच पुरं झालं, की किडा आतड्यातले हे जीवाणू चक्क पचवून टाकतो! इतक्याशा देहातला हा हिशेब थक्क करणारा आहे.

मूग-चवळीतल्या भुंग्याला अशी सोंड नसते. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके ही त्याची अंडी, आणि गोल भोक ही बाहेर पडल्याची खूण. कडधान्याला तेलाचा हात लावण्याची जुनी रीत इथे नेमकी कामी येते, कारण तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो. रव्या-पिठातले चपटे तांबूस भुंगेरे आणखी वेगळे; पिठाला गुलाबी छटा आणि उग्र वास आला, तर ते टाकूनच द्यावं.

सोंडे झालेला थोडा तांदूळ उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवला, तर दाण्याच्या आतल्या अळ्याही मरतात. उन्हात घालायचा असेल, तर धान्याच्या डब्यांपासून लांब पसरावा. या किड्यांना उडता येतं.